एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र

हक्कसोडपत्राचा मसुदा मला झोपेतही म्हणता येईल. ‘स्वखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाशिवाय...’ तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधक कार्यालयासमोरच्या एका गाळ्यात मी वकिली करते. बहिणीने वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा भावाला विनामोबदला सोडला, तर २०२३ साली मुद्रांक लागायचा २०० रुपयांचा. त्या दिवशी नेसवतात ती साडी त्याहून महाग पडते.

त्या वर्षीच्या मे महिन्यात एक भाऊ बहिणीला मोटारसायकलवरून घेऊन आला. ती छप्पन-सत्तावन्नची असेल. तो वाईट माणूस नव्हता. आईचं आजारपण त्यानंच काढलं होतं, आल्या आल्या बहिणीसाठी चहाही सांगितला. फक्त त्याचं म्हणणं असं, की वडील १९९९ लाच गेले, हिचं लग्न १९८४ चं, म्हणजे हिचा तसा हक्कच नाही, कागद आपला नावापुरता.

मी त्याला सांगितलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहहिस्सेदार केलं, पण आधीच लग्न झालेल्या वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला. वडील त्या आधी वारले असले तरी हरकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. वाटप झालं नव्हतंच. हिस्सा तुझ्याइतकाच. तो म्हणाला, “मग सोडायचाय तेवढाच की.”

अडचण वेगळीच निघाली. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं माहेरचं नाव लागलेलं आणि आधारवर सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं ते. आमच्याकडे हे रोजचंच. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र आधी करायचं. मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

“म्हंजे ती आन् मी एकच, आसं?”

“हो, मावशी.”

“चाळीस वर्सं झाली, त्या नावानं कुणी हाक मारली न्हाई. आई मारायची, ती गेली.” मग भावाकडे न बघता, “जमीन कुणाच्या नावावर हाय? तिच्या न्हवं? मग तिला इचारून सांगते. आज नगं.”

भाऊ हसला, मग हसायचा थांबला. “आक्का, मी काय परका हाय का?” ती म्हणाली, “न्हाईस. म्हनून तर तुज्यासमोर बोलले.” प्रतिज्ञापत्रावर तिनं सावकाश सही केली, शाळेतली, जोडाक्षराशी अडखळणारी. दुसऱ्या कागदाला हात लावला नाही.

इथे माझं सांगायला हवं. मी लग्नानंतर नाव बदललं नाही, आणि त्याचा मला केवढा तोरा! माझ्या हक्कसोडपत्राला असलं प्रतिज्ञापत्र लागलंच नाही. होय, २०१६ मध्ये मीही सही केली. मसुदा माझाच. विचारणाऱ्यांना सांगत आले, भावावर माया आहे, जमीन काय करायचीय. माया आहेच. पण खरं कारण हे, की हिस्सा मागितला तर भाऊबिजेला तो येईल का, याची मला भीती होती. त्याला मी एकदाही विचारून पाहिलं नाही. कदाचित हो म्हणाला असता. ‘दडपणाशिवाय’ हा शब्द टाइप करताना माझा हात कसा थांबला नाही, याचं त्या दुपारी नवल वाटलं आणि थोडी लाजही. मग वाटलं, तेव्हाची ती घाबरट मुलगीसुद्धा मीच. तिला नाकारून कुठे जाणार?

बाहेर भावाने किक मारली. आक्का मागे बसली, नेहमीच्या सवयीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून. मी फी फक्त प्रतिज्ञापत्राची घेतली. हक्कसोडीचा तो मसुदा अजून माझ्या खणात आहे, न्यायला कुणी आलेलं नाही.