गाऊट, पायाचा अंगठा आणि रोजचं चालणं

युरिक ॲसिड वाढलं म्हटलं की आमच्या वर्ध्याकडच्या खेड्यांत दोन सल्ले लगेच मिळतात: वरण बंद करा आणि चालायला लागा. पहिल्याला फारसा आधार नाही. डाळी-भाज्यांतल्या प्युरिनचा (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) धोका मटण, कलेजी, मासे यांच्या मानाने फारच कमी असतो. दुसरा सल्ला खरा आहे, पण कधी, किती, कुठं आणि पायात काय घालून चालायचं ते कोणी सांगत नाही. अंगठ्याचा गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक साचून सांधा सुजण्याचा आजार, सांभाळत मी जो क्रम बसवला आणि आजही पाळतो, तो इथं देतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. नुसत्या व्यायामाने युरिक ॲसिड फारसं उतरत नाही. रक्तात ते एका डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिलं की त्याचे टोकदार स्फटिक सांध्यात साचू लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या थंड टोकाला, म्हणून बहुधा पहिला नंबर त्याचा. हे स्फटिक विरघळायचे तर आकडा ६ च्या खाली टिकवावा लागतो. झटके (सांधा अचानक सुजून ठणकणं) वारंवार येत असतील किंवा कातडीखाली गाठी झाल्या असतील, तर ते काम ॲलोप्युरिनॉल नाहीतर फेबुक्सोस्टॅटची रोजची गोळी करते. ॲलोप्युरिनॉल साधारण १०० मिलिग्रॅमपासून, किडनी कमजोर असेल तर त्याहून कमीपासून सुरू करतात आणि रक्त तपासत वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक सुटू लागल्याने झटके उलट वाढू शकतात, म्हणून डॉक्टर त्या काळापुरती झटके रोखणाऱ्या कोल्चिसिनची छोटी मात्रा जोडून देतात. नेमकं तेव्हाच कोणी ‘चालल्यानं दुखलं’ म्हणून चालणं सोडतो, कोणी ‘गोळीनं वाढलं’ म्हणून गोळी. अंगावर पुरळ उठलं तर मात्र ॲलोप्युरिनॉल थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

मग व्यायाम कशाला? वजन, साखर आणि रक्तदाब ही गाऊटसोबत नेहमी येणारी टोळी आहे, तिला आवर घालायला. शिवाय झटक्यानंतर सांधा आखडतो, माणूस पाय वाकडा टाकत चालतो आणि दुखणं गुडघ्या-कमरेत चढतं.

“वावरात दिवसभर राबतोच ना, आता आणखी व्यायाम कायले पाह्यजे?” हा प्रश्न रास्त आहे, पण वावरातलं काम मोजून मिळत नाही. पेरणीआधी पंधरा दिवस काही नाही आणि मग सलग आठ तास. निंदताना उकिडवं बसून पुढे सरकलं की टाच उचलते, अंगठा पूर्ण मागे वाकतो आणि अंगाचा भार त्याच सांध्यावर येतो. सोयाबीन सोंगतानाही तेच. फवारणीचा सोळा लिटरचा पंप भरला की पाठीवर वीस किलोच्या आसपास वजन, खाली काळ्या मातीची ढेकळं. त्यात घाम जाऊन पाणी कमी पडलं की रक्तातलं युरिक ॲसिड घट्ट होतं. दमछाक होईपर्यंत राबलं की स्नायूंत लॅक्टिक ॲसिड तयार होतं आणि किडनी युरिक ॲसिड बाहेर टाकण्यात मागे पडते. हिशोबातलं, दम न लागणारं चालणं यापेक्षा वेगळं काम करतं. निंदायला बसायचंच असेल तर मी बुडाखाली छोटा पाट घेतो, म्हणजे टाच जमिनीवर राहते.

झटका चालू असताना त्या पायाला व्यायाम नाही. अंगठा लाल, गरम, चादर लागली तरी ठणकतो, अशा वेळी खाटेवर पडून पायाखाली दोन उशा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गरम विटेचा शेक आणि तेल लावून रगडणं टाळा, सूज वाढते. सोबत ताप असेल तर ते सांध्यातलं इन्फेक्शनही असू शकतं, थांबू नका. झटक्यात काढलेलं युरिक ॲसिड कधीकधी नॉर्मल दिसतं, त्यामुळे दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. हात, खांदे आणि दुसरा पाय या दिवसांतही हलवता येतो.

सूज उतरली आणि सांध्यावर बोट दाबून दुखत नाही, की सुरुवात बसल्या जागी. अंगठा हळू वर, पाच सेकंद थांबून खाली, दहा वेळा. हाताने जोर देऊन मागे ओढायचा नाही. घोटा दोन्ही बाजूंनी गोल, दहा-दहा वेळा. जमिनीवर दुपट्टा पसरून तो पायाच्या बोटांनी जवळ ओढायचा. मग भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवून पोटरीला ताण, तीस सेकंद, प्रत्येक पायाला तीन वेळा. पोटरी आखडलेली असली की चालताना टाच लवकर उचलते आणि भार अंगठ्यावर जातो, म्हणून हा ताण मी कधी चुकवत नाही.

हे बिनदुखीचं जमू लागलं की चालणं: पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, पुढे दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा की सोबतच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. प्रमाण ठरवायला माझी कसोटी एकच. चालून आल्यावर दुखणं दोन तासांपेक्षा जास्त टिकलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असलं, तर पुढच्या वेळी मिनिटं निम्मी. ही कसोटी दुखीची गोळी न घेता लावायची. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेऊन वावरात जाण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे तिनं दुखणं झाकतं, सांधा मात्र रगडला जातो, आणि किडनी, पोट, रक्तदाबाचं नुकसान होतं ते वेगळंच.

रस्ता सपाट हवा. पावसाळ्यात पांदण रस्ता सोडून द्यावा. बुटाला चिकटलेल्या काळ्या मातीनं पाय जड होतो आणि घसरतोही. डांबरी रस्त्याची कड किंवा शाळेचं मैदान बरं. अंगठ्याची चप्पल नको, कारण ती पायात टिकवायला अंगठा सतत आवळून धरावा लागतो. पुढून रुंद, मधून सहज न वाकणारा तळवा आणि टाच धरून ठेवणारा बूट घ्या. विकत घेताना संध्याकाळी घालून बघा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. साखर असणाऱ्यांनी अनवाणी चालूच नये.

सायकल घरात असेल तर चालण्याइतकीच चांगली. सीट एवढी उंच की पायंडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. दाब बोटांऐवजी तळव्याच्या मध्यभागानं द्यायचा. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, पाठीवर झोपून एकेक पाय सरळ उचलणं. भिंत धरून टाचा उचलण्याचा व्यायाम सगळ्यात शेवटी, कारण त्यात अंगठा वाकतो. दोरीवरच्या उड्या आणि धावणं मी यादीतूनच काढलंय. सूर्यनमस्कार करणाऱ्यांनी पाय मागे नेताना बोटांवर भार येतो का ते पाहावं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ कडे जातो तेव्हा सकाळी सातच्या आत घरी परतलं पाहिजे. निघण्याआधी एक-दोन ग्लास पाणी, आल्यावर पुन्हा. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं माप डॉक्टरला विचारून ठरवा. पातळ ताक चालतं. रसवंतीवरचा ग्लास आणि बाटलीतलं गोड पेय नको, कारण त्यातल्या साखरेचं फ्रुक्टोज शरीरात युरिक ॲसिड वाढवतं.

वजन महिन्याला दोन किलोच्या आत उतरू द्यावं. कडक उपाशी राहून उतरवलं तर युरिक ॲसिड चढतं, म्हणून निर्जळी उपास आणि गाऊट यांचं पटत नाही. पोळ्याच्या करीला आणि धुळवडीला तर मटण आणि दारू एकाच ताटावर येतात, वर ऊन. मोहाची असो की बिअर, दुसऱ्या दिवशी चालायला गेल्यानं ती फिटत नाही. रक्तदाबासाठी पाणी काढणारी गोळी चालू असेल तर तीही युरिक ॲसिड वाढवू शकते. ती मनानं बंद करू नका, पुढच्या वेळी डॉक्टरला दाखवा. दुसरा पर्याय मिळू शकतो.

पुन्हा झटका आलाच तर चालणं थांबवा, पण रोजची ॲलोप्युरिनॉल थांबवू नका. सांधा शांत झाल्यावर दोन-तीन दिवस बसल्या जागचे व्यायाम करून, झटक्याआधी जेवढा वेळ चालत होता त्याच्या निम्म्या वेळापासून पुन्हा सुरू करा.