जनमत मागून येतं

रविवार, रात्री

आज भाच्याचा फोन आला होता. बोलता बोलता विषय गाझावर गेला आणि तो म्हणाला, "मामा, तिथं दोघांनाही शांतता नकोय. आपण कशाला जीव जाळायचा?" पोरगा पंचविशीचा. कळायला लागल्यापासून त्याच्या कानावर तिथल्या युद्धाच्याच बातम्या पडल्यात. फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

१३ सप्टेंबर १९९३ चा, इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ओस्लो कराराचा तो हस्तांदोलनाचा प्रसंग मी टीव्हीवर पाहिलाय. व्हाइट हाउसची हिरवळ, हात पुढे करून उभे असलेले पॅलेस्टिनी नेते अराफत, क्षणभर अडखळलेले इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि दोघांच्या मागे हात पसरून उभे क्लिंटन. आमच्या पिढीला वाटलं, सुटलं एकदाचं. तेव्हा इस्रायलच्या संसदेत राबिन यांच्या मजूर पक्षाचे ४४ आणि शांततावादी मेरेट्झचे १२ खासदार होते. २०२२ च्या निवडणुकीत मजूर पक्ष ४ वर आला आणि मेरेट्झ संसदेबाहेर गेला.

हे काही एका रात्रीत झालेलं नाही. हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेनं बसमध्ये स्फोट घडवले. नोव्हेंबर १९९५ मध्ये राबिन यांना एका ज्यू तरुणानंच गोळ्या घातल्या. २००० साली अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडमध्ये पॅलेस्टिनींशी चाललेली बोलणी फिसकटली आणि पंतप्रधान बराक यांनी घरी येऊन सांगितलं की समोर बोलायला कुणी उरलेलंच नाही. त्यांच्या मतदारांनी ते खरं मानलं. २७ मार्च २००२ ला इस्रायलमधल्या नेतान्यातल्या एका हॉटेलात ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या जेवणावर बसलेली ३० माणसं आत्मघाती स्फोटात मारली गेली. दुसऱ्याच दिवशी बैरूतमध्ये अरब राष्ट्रांनी शांततेचा सर्वात मोठा प्रस्ताव मांडला, पण त्या घरांमध्ये तो कोण ऐकणार होतं? आणि मग ७ ऑक्टोबर २०२३, हमासचा हल्ला. सुमारे १,२०० माणसं एका दिवसात गेली. त्यात व्हिवियन सिल्व्हर होत्या. गाझातल्या रुग्णांना इस्रायली इस्पितळांत पोहोचवणाऱ्या, आयुष्यभर शांततेसाठी झटलेल्या बाई.

पॅलेस्टिनी माणसाचा विश्वास मात्र वेगळ्याच वाटेनं गेला. ओस्लोनंतर पाच वर्षांत अंतिम तोडगा निघणार होता. तो आजवर निघालेला नाही. १९९३ मध्ये इस्रायलनं व्यापलेल्या वेस्ट बँकेत, पूर्व जेरुसलेम सोडून, लाखभर इस्रायली वसाहतवाले होते, आज ते सुमारे पाच लाख आहेत. वाटाघाटी चालू आणि समोरच्या टेकडीवर नव्या घरांचा पाया खणणंही चालू, हे त्यांनी रोज पाहिलं. १९९४ मध्ये वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणारी २९ माणसं एका वसाहतवाल्यानं मारली. आणि आता गाझात साठ हजारांवर मृत्यू, तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार. यातून वाचलेल्या मुलाला उद्या शेजाऱ्यावर विश्वास ठेव म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं?

तरीही "त्यांना शांतताच नकोय" हे मला पटत नाही. मला १९७७ आठवतं. चारच वर्षांपूर्वी इजिप्त आणि सीरियाशी झालेल्या युद्धात इस्रायलचे अडीच हजारांवर सैनिक पडले होते. इजिप्तकडून जिंकलेलं सिनाई परत देऊन त्याच देशाशी तह होईल असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. इजिप्तचे अध्यक्ष सादात इस्रायलला येणार म्हटल्यावर इस्रायलचे सेनाप्रमुख मोर्देकाय गूर यांनीच जाहीरपणे शंका घेतली, ही चाल असेल. १९ नोव्हेंबरला, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा शनिवार संपल्यावर, सादात यांचं विमान उतरलं. इस्रायलच्या विमानतळावर इजिप्तचं राष्ट्रगीत वाजलं. दीड वर्षात तह झाला, आणि सही करणारे इस्रायलचे पंतप्रधान बेगिन हे कडव्या उजव्या पक्षाचे होते. सादात यांना पुढे जीव गमवावा लागला, पण तो तह आजही टिकून आहे. आधी नेता हलला, जनमत मागून आलं.

अर्थात सादात एका मोठ्या देशाचे प्रमुख होते, त्यांच्यामागे सैन्य होतं. पॅलेस्टिनींकडे ना सैन्य, ना सरहद्द. म्हणून पहिलं आणि मोठं पाऊल ज्याच्या हातात जमीन आहे त्यानं उचलायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाक ऐकायला माणसं आहेत. इस्रायली माओझ इनोन यांचे आईवडील ७ ऑक्टोबरला मारले गेले. पॅलेस्टिनी अझीझ अबू सारा यांचा थोरला भाऊ इस्रायली कोठडीतल्या मारहाणीनंतर गेला. मे २०२४ मध्ये इटलीतल्या वेरोनात हे दोघं हजारो लोकांसमोर एकत्र उभे राहिले आणि पोप फ्रान्सिस यांनी दोघांना मिठी मारली. इतकं सोसलेली माणसं एकमेकांना भाऊ म्हणतात, तेव्हा लांब बसून निराश व्हायचा मला काय अधिकार?

पण नेते? जुलै २०२४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं पॅलेस्टिनी राष्ट्राच्या विरोधात ६८ विरुद्ध ९ मतांनी ठराव केला. पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास २००५ साली निवडून आले, मुदत चार वर्षांची होती, अजून खुर्चीवर आहेत. गाझा आणि वेस्ट बँकेतल्या तिशीच्या माणसाला राष्ट्रीय निवडणुकीत एकदाही मत देता आलेलं नाही. त्याला काय हवंय, हे मुळात त्याला कुणी विचारलंय कधी?