तेरची हस्तिदंती बाई

"एवढी मोलाची वस्तू या आडगावात कशाला ठेवली? मुंबईला न्यायला हवी होती," धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंती स्त्रीप्रतिमा पाहताना शेजारचे गृहस्थ आज सहज बोलून गेले, आणि ते बोलणे मनातून जाईना.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून त्याची नोंद आहे. येथील कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, गुजरातमधील भडोच बंदराला जात असे. तेरच्या प्रतिमेशी जवळचे नाते सांगणारी एक हस्तिदंती स्त्री इटलीत, सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेईत सापडली आहे.

अशा परदेशी संबंधांच्या खुणा लेण्यांतही दिसतात. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, खांबांवर धेनुकाकट या प्राचीन गावच्या यवनांची (ग्रीक किंवा पश्चिमेकडील परदेशी म्हणवणाऱ्यांची) नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. लेणी पाहताना आपण शिल्पांपुढे हात जोडतो (हल्ली सेल्फीही काढतो), पण त्या कोरीव कामाला पैसा कोणी पुरवला, हे क्वचितच विचारतो.

शाळांच्या सहली ठरल्याप्रमाणे वेरूळ-अजिंठ्याला जातात. तेर आणि जवळच्या धाराशिव लेण्यांसाठी एखादा दिवस राखून ठेवायला काय हरकत आहे?