दारातला निवडुंग

आमच्या दारातला निवडुंग दरवर्षी नोव्हेंबरात मरतो. निदान दिसतो तरी तसाच. उन्हाळाभर पुरीसारखी टम्म असलेली त्याची पानं (ती खोडं असतात म्हणे, पण आम्ही लहानपणापासून पानंच म्हणतो) हळूहळू चिपाडतात, सुरकुततात, जांभळट पडतात आणि एक दिवस सगळा संसार जमिनीवर आडवा होतो. पहिल्या वर्षी शेजारचे आजोबा कुंपणाशी थांबून हळहळले होते. मग बर्फ पडतो आणि विषय एप्रिलपर्यंत बंद.

आम्ही अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनीॲपोलिसजवळ राहतो. ३० जानेवारी २०१९ ला इथे पारा उणे ३३ सेल्सिअसला गेला होता, पोस्टमनलाही त्या दिवशी सुट्टी होती. अशा गावात मी निवडुंग लावलाय, तोही बाहेर. हे ऐकल्यावर आईचं पहिलं वाक्य होतं, "एवढं विमानाचं भाडं भरून गेलीस आणि लावलंस काय, तर निवडुंग!"

तिचंही बरोबर आहे. आमचं गाव माण तालुक्यात. तिथे निवडुंग कुणी लावत नाही, तो असतोच. बांधावर, ओढ्याकाठी, पडक्या वाड्याच्या भिंतीत. आम्ही त्याची बोंडं दगडावर घासून खायचो आणि लाल झालेल्या जिभा एकमेकींना दाखवायचो. दारात मात्र तो नको, घरात भांडणं होतात. (आमच्या घरातली भांडणं निवडुंगाच्या आधीपासूनची आहेत, हे मी आईला सांगितलेलं नाही.)

पण हा फड्या निवडुंग मुळात आपला नव्हेच, तो अमेरिकेतून आपल्याकडे आला. त्याच्यावरच्या किड्यापासून लाल रंग करायचा म्हणून १७९५ साली इंग्रजांनी ब्राझीलहून किडा आणवला, तो नेमका भलत्याच जातीचा निघाला. रंग बेताचाच मिळाला, किडे मात्र निवडुंगच फस्त करत सुटले. तेव्हा पाहुणा कोण आणि घरचा कोण, हा वाद आईशी घालण्यात अर्थ नाही. मिनेसोटात तर निवडुंग रानात आपसूक उगवतो. दगडाळ माळावर, बर्फाखाली. हे मलाही इथे येऊन पाच वर्षं झाल्यावर कळलं.

पहिला निवडुंग मी मारला तो मायेनं. वाफ्यात भरपूर कंपोस्ट घातलं, ऑक्टोबरात पाणी घातलं, थंडी सुरू झाल्यावर वर पोतं पांघरलं आणि पोत्यावर प्लास्टिक. लेकराला दुलई घालावी तसं. एप्रिलात प्लास्टिक उचललं तर खाली काळपट लगदा आणि सडक्या काकडीचा वास. नवऱ्याने नाक धरून विचारलं, "हे आता कुठे फेकायचं?"

ज्यांनी मला पुढची रोपं दिली त्या बाईंनी दोन वाक्यांत निकाल लावला. थंडीने तो मरत नाही, ओलीने मरतो. इथे बर्फ वितळायला लागला की वरची दोन बोटं माती चिखल होते आणि खालची अजून दगडासारखी गोठलेलीच असते. पाणी जाणार कुठे? ते मुळाशी तुंबतं आणि निवडुंग सडतो.

मग गॅरेजच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून आम्ही एक ढिगारा केला. गुडघाभर उंच, निम्मी खडी, बाकी जाड वाळू, माती नावाला. मजुरी नवऱ्याची. त्यावर आठवडाभर सावलीत सुकवलेली चार पानं नुसती टेकवून ठेवली. खतही नाही, पांघरूणही नाही. त्यांनी मुळं धरली आणि तेव्हापासून ती दर हिवाळ्यात मरून दाखवतात.

त्या मरण्यातच सगळी मेख आहे. रात्री गार व्हायला लागल्या की निवडुंग पाणी ओढायचं थांबवतो आणि असलेलंही अंगातून जाऊ देतो. उरतो तो साखर आणि चिकटा मिसळलेला दाट रस. फ्रीजरमध्ये पाण्याचा बर्फ होतो आणि गुलाबजामचा पाक मात्र ओघळतच राहतो, तसंच काहीसं. ऑक्टोबरात पाणी घालून मी नेमका तोच पाक पातळ करत होते.

शेजारीच थोडं सेंपरव्हायव्हम लावलंय, हिरव्या दगडी गुलाबांसारखं दिसतं. युरोपात ते छपरावर लावत, वीज पडत नाही म्हणून. सम्राट शार्लमेनच्या काळच्या फर्मानातही त्याचं नाव आहे. ते काही मागत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल सांगण्यासारखंही फारसं नाही.

निवडुंग मात्र वसुली करतो. मोठ्या काट्यांचं एवढं काही नाही, ते दिसतात तरी. छळतात ती बुडाशी झुपक्याने असलेली बारीक, पिवळट कुसळं. मागच्या मे महिन्यात ढिगाऱ्यातलं गवत उपटताना मनगट नुसतं घासलं, तर तीसेक आत. चिकटपट्टी लावून ओढली, निम्मी निघाली. उरलेली चिमट्याने काढत खिडकीशी बसले होते, तोच आईचा व्हिडिओ कॉल. "सांगितलं होतं," एवढंच म्हणाली.

जूनअखेर फुलं येतात. वाटीएवढं पिवळं फूल, मेणकागदासारख्या पाकळ्या, जेमतेम दिवसभराचं. यंदा पहिलं उमललं तेव्हा मी फोन त्याच्यासमोर धरला आणि पेन्सिलीच्या टोकाने आतल्या पुंकेसरांना हलकेच स्पर्श केला. पुंकेसर सगळे मिळून सावकाश आत वळले, मूठ मिटावी तसे. पलीकडे माणमध्ये रात्र होती, आईने चष्मा लावला.

"अगं, हा लाजतोय की!" ती म्हणाली. "परत एकदा कर बघू."