तुम्ही विचारलंत म्हणून: युनियनवाल्यांना पर्यावरणाचं काय पडलंय?

लग्नघरात, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला हाच प्रश्न येतो. विजेच्या बस आल्या की मेकॅनिकची कामं जाणार, मग युनियन आडवी येणारच, नाही का? परवा भाच्यानेही तेच विचारलं, म्हणून लिहितोय.

मी डिझेल मेकॅनिक. पहाटे चारला बस डेपोत एकदम तीस-चाळीस इंजिनं सुरू व्हायची. ब्रेकच्या टाकीत हवा भरेपर्यंत गाड्या जागेवरच धडधडत राहायच्या आणि आम्ही त्या धुरात काम करायचो. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कॅन्सरला कारणीभूत ठरवला. तो धूर आम्ही रोज आठ-आठ तास गिळला आहे. धूर नसलेली बस माझ्याइतकी कुणाला हवी असेल?

भीती बसची नाही, गेल्या वेळच्या, म्हणजे गिरण्यांच्या अनुभवाची आहे. वडील परळच्या एका गिरणीत, कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात. कापसाच्या तुसाने सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्यांची छाती भरून यायची. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. वडीलही गेले, आणि परत कामावर कधी गेलेच नाहीत. हळूहळू गिरण्यांच्या चिमण्या थंड झाल्या. गिरणगावातली हवा सुधारली असेलही, पण ती आमच्या वाट्याला आली नाही.

कारण पुढे जमिनीचा प्रश्न आला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58 वा नियम सांगत होता की गिरणीची जागा विकसित करायची तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. मैदान आणि कामगाराचं घर एकाच नियमात शेजारी शेजारी! 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मैदानं आक्रसली, घरंही आक्रसली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप हा पर्यावरणवाल्यांचा गट कोर्टात गेला, 2005 मध्ये हायकोर्टात जिंकला, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. झाडं मागणारे आणि घर मागणारे नियमातल्या एकाच ओळीवर हरले. लोक आम्हाला पर्यावरणाच्या विरोधात उभं करतात, तेव्हा मला ही ओळ आठवते.

आता विजेच्या बसकडे या. या गाडीत इंजिन नाही, इंजेक्टर नाही, क्लच प्लेट नाही. नारिंगी जाड केबल दिसली की हात मागे घ्यायचा, कारण तिच्यात हाय व्होल्टेज असतो. हे शिकता येतं, पन्नाशीतला मेकॅनिकही शिकेल. अडचण वेगळीच आहे. बेस्टच्या, म्हणजे मुंबईच्या शहर बससेवेच्या, बहुतेक नव्या गाड्या वेट लीजवर येतात, म्हणजे गाडी, ड्रायव्हर, दुरुस्ती सगळं ठेकेदाराचं आणि पैसे किलोमीटरमागे. ऑगस्ट 2023 मध्ये याच ठेक्यावरच्या ड्रायव्हरांनी पगारवाढीसाठी संप केला आणि आठवडाभर मुंबईकर स्टॉपवर ताटकळले. हवा स्वच्छ करणारी गाडी ज्याच्या हातात, त्याचंच पोट भरत नसेल तर ती गाडी चालणार किती दिवस?

हवामान बदलावरच्या 2015 च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकेतही कामगारांसाठी न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे. आमच्या भाषेत त्याचा अर्थ साधा आहे: ठेका काढण्याआधी कामगाराला टेबलावर बोलवा, प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि पगारी द्या, आणि करारात किलोमीटरच्या दरासोबत माणसाच्या पगाराचा आकडाही लिहा. युनियनने हे मागायचं नाही तर कोणी?

गेल्या महिन्यात विजेच्या बसच्या एका तरुण ड्रायव्हरशी बोललो. कुठल्या फेरीत, कुठल्या चढावर बॅटरी किती उतरते, हे त्याला तोंडपाठ होतं. मी म्हटलं, "वेळापत्रक करताना हे सांगितलंस का रे?"

तो म्हणाला, "काका, मला कोण विचारतंय? माझा करारच चार महिन्यांत संपतोय."