टाकीजवळचा वास

मे महिना. आरेतल्या एका तबेल्यामागे आमची शेवाळाची टाकी आहे. फूटभरही खोल नाही, कारण शेणपाण्यात उजेड फार आत शिरत नाही. मध्ये पाती सतत फिरती ठेवायची, नाहीतर शेवाळ तळाशी बसतं. गोठा धुतलेलं पाणी आधी निवळायचं, मग पाचपट पातळ करून त्यात क्लोरेला नावाचं सूक्ष्म शेवाळ सोडायचं. शेवाळ नायट्रोजन-फॉस्फरस खातं, पाणी स्वच्छ होतं, शेवाळातून तेल निघतं. कागदावर एवढंच असतं.

त्या दिवशी सहाव्या दिवसाचा नमुना तपासला. अमोनियाचा नायट्रोजन लिटरला १२० मिलिग्रॅमवरून ३० वर आलेला. आनंदाच्या भरात सरांना आकडा कळवलासुद्धा. दुपारी दोनला तबेल्यातले काका आले. "मॅडम, गोठ्यात येत नाही एवढा वास तुमच्या टाकीवर येतोय. डोळे चुरचुरतात."

वाकले तर नाकात झणकन गेलं. पाणी हिरवंगार, कडेला बारीक फेस. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप, पाहिला, ९.५.

भर उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतक्या वेगाने ओढतं की पीएच चढत जातो. ९.५ला पाण्यात विरघळलेल्या निम्म्याहून जास्त अमोनियमचा अमोनिया वायू होतो, आणि वर पाती घुसळताहेत म्हटल्यावर तो उडून जातो. हे मी मुलांना फळ्यावर शिकवते. तरीही नमुना रोज सकाळी आठला घेत होते, पीएच रात्रभरात उतरलेला असताना.

संध्याकाळी हिशेब मांडला. वाळवलेलं शेवाळ लिटरला अर्धा ग्रॅम. त्यात नायट्रोजन ८ टक्के धरला तरी ४० मिलिग्रॅम. पाण्यातून कमी झाले होते ९०. उरलेल्याचं नायट्रेट झालं असेल म्हणून तेही तपासलं, ते नावापुरतंच. म्हणजे पन्नासेक मिलिग्रॅम हवेत गेले, काकांच्या श्वासात.

सरांचं म्हणणं, "पाण्यातून गेला ना, मग झालं." मला हे अजिबात पटत नाही. पाण्यातली घाण हवेत सोडणं म्हणजे सफाई नव्हे. टाकी बघायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "तेल किती निघतं?" खरं तर नायट्रोजनची उपासमार झाली तरच शेवाळ भरपूर तेल साठवतं, आणि शेणपाण्यात त्याला नायट्रोजनची कमी नाही. हे सांगायला लागलं की लोक घड्याळाकडे बघतात. हवेत काय जातंय, हे काकांशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

दुरुस्त आकडा मी त्याच रात्री पाठवला. उत्तर आलेलं नाही. आता कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलाय, पीएच ८च्या वर सरकला की झडप उघडते. नमुना सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा घेते. आधीच्या तीन खेपांचे आकडे मात्र सकाळचेच आहेत आणि ते अहवालात गेलेत. त्या खेपांचं वाळवलेलं शेवाळ फ्रीझरमध्ये आहे. त्यातला नायट्रोजन मोजायला सोमवारी घेतेय.