तुम्ही विचारलंत म्हणून : नोडचे नंबर

टीममध्ये नवीन मुलं आली की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच. कॉलेजात बोलायला गेले तरी कुणीतरी विचारतंच. "मॅडम, मेश केली की सॉफ्टवेअर नोडला आणि एलिमेंटला आपोआप नंबर देतं. मग तुम्ही नंबरांच्या रेंज ठरवण्यात एवढा वेळ का घालवता?" जिन्यात उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एखादा पार्ट किती वाकेल, कुठे तुटेल हे कॉम्प्युटरवर काढायचं तर आधी त्याचे बारीक बारीक तुकडे करतात. तुकडा म्हणजे एलिमेंट, त्याचे कोपरे म्हणजे नोड आणि सगळे तुकडे मिळून मेश. हे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे सॉल्व्हरला, चित्र दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की ५०१ नंबरचा एलिमेंट ११, १२, २७ आणि २६ या नोडवर उभा आहे. लोड कुठे लावायचा, कुठे पकडायचं, कुठल्या नोडचं विस्थापन, म्हणजे तो जागचा किती हलला ते, छापायचं, सगळं नंबरानेच सांगायचं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक ब्रॅकेट होतं. चौदा ठिकाणचं विस्थापन रिपोर्टात द्यायचं होतं आणि त्या चौदा नोडचे नंबर मी स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवले होते. रन, म्हणजे सॉल्व्हरचं गणित, संपला की स्क्रिप्ट चालवायची, तक्ता तयार. डिझाइनवाल्यांनी एक रिब, म्हणजे मजबुतीसाठीची पट्टी, जाड केली. मी तेवढा भाग पुन्हा मेश केला आणि फाइल नीटनेटकी दिसावी म्हणून सगळं मॉडेल एकपासून रिनंबर केलं. बटण एकच होतं. रन लावला, स्क्रिप्ट चालवली. टोकाच्या बिंदूचं विस्थापन आधी १.८४ मिलिमीटर होतं, ते आता ०.३१ आलं. सगळे खूश झाले. तक्ता मेलने गेलासुद्धा.

संध्याकाळी सहज कंटूर, म्हणजे विस्थापनाचं रंगीत चित्र, उघडला तर टोकाला लाल रंग आणि बाजूच्या पट्टीवर सर्वात मोठा आकडा १.७०. दोन्ही आकडे एकाच रनचे होते. मग नोड शोधला. माझ्या स्क्रिप्टमधला ४८२१३ नंबरचा नोड आता बोल्टच्या शेजारी जाऊन बसला होता, जिथे पार्ट हलतच नाही. रन पडला असता तर मला पाच मिनिटांत कळलं असतं. पण नंबर अस्तित्वात होता, फक्त जागा दुसरी होती. त्यामुळे सॉल्व्हरनेही तक्रार केली नाही आणि स्क्रिप्टनेही. मी त्याच रात्री दुसरा मेल पाठवला, आणि रिब जाड केल्याचा फायदा सांगितला तेवढा नाही हे त्यात लिहिलं.

माझे वडील तलाठी होते. घरी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "गावातल्या एका शेताची वाटणी झाली म्हणून तू अख्ख्या गावाचे नंबर बदललेस?" गट ११२ ची दोन भावांत वाटणी झाली की ११२/१ आणि ११२/२ होतात. त्यासाठी शेजारच्या ११३ ला कुणी हात लावत नाही, कारण ११३ वर कुणाचं खरेदीखत आहे, कुणाचं कर्ज आहे, कुणाची कोर्टात केस आहे. जिथे एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले, तिथे जुना कुठला आणि नवा कुठला याचा तक्ता ठेवावा लागला, आणि जुना दस्त हातात आला की लोक आजही तो तक्ता शोधतात. मेशमधल्या नंबरांकडे मी तेव्हापासून याच नजरेने बघते. नंबर दिला की त्यावर कुणीतरी विसंबतं.

आता एक गैरसमज. जुनी पुस्तकं वाचून आलेली हुशार मुलं म्हणतात, नंबर नीट दिले की रन लवकर संपतो. एके काळी हे अक्षरशः खरं होतं. एक लांब पट्टी घ्या. रुंदीत ३ नोड, लांबीत १०१, म्हणजे एकूण ३०३. प्रत्येक नोडला दोन दिशांना हलता येतं असं धरलं तर समीकरणं ६०६. रुंदीच्या बाजूने नंबर देत गेलात तर एका एलिमेंटमधल्या सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान नंबरातला फरक ४ येतो. लांबीच्या बाजूने दिलेत तर १०२. समीकरणांचे आकडे ज्या चौकोनी तक्त्यात मांडतात त्या मॅट्रिक्समधला भरलेला पट्टा या फरकावर ठरतो. पहिल्या पद्धतीत तो १० रकाने रुंद, दुसरीत २०६. साठवायच्या आकड्यांची संख्या वीसपट, आणि सोडवण्याची मेहनत पट्ट्याच्या वर्गाने वाढते म्हणून ती चारशेपटीच्या वर. पट्टी तीच, उत्तर तेच. मेमरी तुटपुंजी होती त्या काळात हा फरक म्हणजे गणित सुटणं किंवा न सुटणं.

म्हणून १९६९ मध्ये अमेरिकन नौदलाच्या संशोधन संस्थेतल्या एलिझाबेथ कटहिल आणि जेम्स मॅकी यांनी नंबर आपोआप लावण्याची रीत मांडली. एका टोकाच्या नोडपासून सुरुवात करायची, मग त्याचे शेजारी, मग शेजाऱ्यांचे शेजारी. दोन वर्षांनी ॲलन जॉर्ज यांनी दाखवलं की हाच क्रम उलटा केला तर आणखी जागा वाचते. इतकी साधी गोष्ट, आणि मला ती अजूनही सुंदर वाटते. आज सॉल्व्हर अशी मांडणी आत स्वतःच करून घेतो आणि उत्तर देताना तुमचे नंबर तुम्हाला परत करतो. वेगासाठी नंबरांची काळजी करायचं कारण उरलेलं नाही. ओळखीसाठी मात्र आहे, आणि मॉडेलं जशी मोठी होत गेली तसं ते वाढतच गेलं.

कारण आता एक मॉडेल एक माणूस करत नाही. गाडीच्या क्रॅशचं डेक, म्हणजे सॉल्व्हरला द्यायचं लिहिलेलं मॉडेल, घ्या. बॉडी एका टीमची, सीट सप्लायरची, डमी (माणसाच्या जागी बसवलेला पुतळा) विकत घेतलेला, बॅरियर (गाडी ज्यावर आदळते तो अडथळा) तिसऱ्याचा. प्रत्येकाने एकपासून नंबर दिले तर सगळं एकत्र आणताच हजारो नंबर एकमेकांवर आदळतात. म्हणून आधी वाटप करायचं. आमच्याकडे सीटला ३०००००० ते ३९९९९९९ देतात, दरवाजांना त्यापुढचा पट्टा. एलएस-डायना या सॉल्व्हरमध्ये इन्क्लुड ट्रान्सफॉर्म ही कमांड वापरून आख्ख्या फाइलचे नंबर ऑफसेट करता येतात, म्हणजे प्रत्येकात ठरावीक आकडा मिळवता येतो. सीटमधला १००५ हा ३००१००५ होतो आणि सप्लायरच्या फाइलला हात लावावा लागत नाही. फक्त मुख्य फाइलमध्ये त्या नोडचा उल्लेख असेल तर तो नव्या नंबराने लिहावा लागतो. इथे बरेच जण चुकतात.

रेंज ठरवताना आकडे मोजून ठरवा. नॅस्ट्रान हा सॉल्व्हर १९६० च्या दशकात नासाने करून घेतला, तेव्हा डेक पंच कार्डांचं असे. ऐंशी रकान्यांचं कार्ड, आठ-आठ रकान्यांची दहा घरं. कार्ड गेली पण घराची रुंदी राहिली, म्हणून नोडचा नंबर आजही आठ आकड्यांत बसवावा लागतो. शिवाय नॅस्ट्रानमध्ये सगळ्या प्रकारच्या एलिमेंटांचे नंबर एकाच पोतडीतले. शेल (पत्र्यासारखा एलिमेंट) ७०१ असेल तर बार (दांड्यासारखा) ७०१ चालत नाही.

ॲबॅकस या सॉल्व्हरची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक इन्स्टन्सचे, म्हणजे मॉडेलमध्ये बसवलेल्या पार्टच्या प्रत्येक प्रतीचे, नंबर स्वतंत्र असतात, त्यामुळे १००५ दोनदा येऊ शकतो आणि इन्स्टन्सचं नाव सोबत लिहावं लागतं. जिथे सेटला, म्हणजे नोडच्या गटाला, नाव देता येतं तिथे मी नावच देते, ॲन्सिस या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी कॉम्पोनंट करते. आणि ॲन्सिसची एनयूएमसीएमपी ही कमांड जपून वापरा. ती मधल्या रिकाम्या जागा काढून नंबर सलग करते, म्हणजे माझ्या ब्रॅकेटचं जे झालं तेच.

हे वाचून दहा लाख नोडना हाताने नंबर द्यायला बसू नका. माझं मत उलटं आहे. मोठ्या मॉडेलमध्येही कुणी नंबराने हाक मारेल असे नोड पन्नास-साठच असतात. ॲक्सेलरोमीटरची (त्वरण मोजणाऱ्या सेन्सरची) जागा, बोल्टचा मध्य, टेस्टमध्ये जिथे मोजणार तो बिंदू, दोन टीमच्या मॉडेलांचा सांधा. एवढे वेगळ्या इन्क्लुड फाइलमध्ये ठेवा, त्यांना ९०००००१ पासून नंबर द्या आणि शक्य तिथे ते मेशचे नोड न ठेवता स्वतंत्र नोड करून आरबीई३ ने, म्हणजे आजूबाजूच्या नोडच्या सरासरीने हलणाऱ्या जोडाने, मेशला जोडा. मग खालची मेश दहा वेळा बदलली तरी ते जागचे हलत नाहीत. बाकीचे रेंजच्या आत कसेही पडू देत.

रन लावण्याआधी माझी एक छोटी स्क्रिप्ट या साठ नोडचे एक्स, वाय, झेड मागच्या आवृत्तीशी ताडून बघते. कुठलाही दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल तर ती थांबते आणि नंबर छापते. कधी डिझाइनच बदललेलं असतं, तेव्हा मी बदल मान्य करून पुढे जाते. पण तो बदल एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिते. तारीख, कुठला नोड, कुठून कुठे, का. प्रत्येक मॉडेलच्या फोल्डरमध्ये ती असते आणि तिचं नाव "जुने-नवे" असं आहे. नाव वडिलांच्या दप्तरावरून घेतलं आहे.